टपावरचा निळा दिवा

गुद्रुन : …म्हणून पुन्हा सांगते, उभा नेऊ नकोस. व्हॅनमध्ये आडवा ठेव, खाली माझी जुनी दुलई घाल. मागच्या खेपेला बोटीतच तुझ्या क्रेनची मान मोडली आणि ओडेन्सच्या हॉलमध्ये तू जमिनीवर पालथा पडून तुकडे वेचत होतास. लोकांना वाटलं, हाही प्रदर्शनाचाच भाग. दोघांनी फोटो काढले.

टॉर्किल : ठोकळ्यांचा झाला म्हणून अग्निबंब आडवा ठेवतं होय कोणी? शिडी निखळेल. उभाच जाईल. मी मागे बसून धरीन.

गुद्रुन : आणि व्हॅन कोण चालवणार, ही तुझी नात? अगं ए आस्टा, टेबलाखाली काय चाललंय? बघ टॉर्किल, पिवळे ठोकळे पिवळ्यांच्या डब्यात टाकतेय. अजून बोलता धड येत नाही, पण निवडानिवड तुझ्यापेक्षा बरी करते.

टॉर्किल : करू दे. मायब्रिट न्यायला येईपर्यंत रमली म्हणजे झालं.

गुद्रुन : आणि यंदा तपासनीस मी आहे, विसरू नकोस. तुम्हीच हात वर करून निवडलंयत. ‘निव्वळ ठोकळे’च्या टेबलावर जे वाहन येईल ते उघडून बघणार. डिंक चालणार नाही, कापलेला तुकडा चालणार नाही, बाहेरची एक तार चालणार नाही. सापडलं तर वाहन उचलायचं आणि कोट टांगायच्या खुंट्यांशेजारी, पाल्लेच्या टेबलावर. बिचारा चिकटवलेलं जहाज घेऊन बसतो दिवसभर. त्याच्याशी कोणी बोलत नाही, नुसते कोट मागतात.

टॉर्किल : माझ्यात काय उघडायचंय?

गुद्रुन : तुझ्यातच तर आधी. टपावरचा तो निळा दिवा लुकलुकतो कसा, हे अख्ख्या क्लबाला पडलेलं कोडं आहे.

टॉर्किल : सांगितलंय की. खाली ठोकळ्यांबरोबर येते ती मोठी बॅटरीपेटी. तिचा उजेड पारदर्शक दांड्यांमधून वर जातो.

गुद्रुन : सांगितलंयस रे. पटायचं राहिलंय. मी घरी करून पाहिलं. माझा उजेड दुसऱ्याच दांडीत मेला.

टॉर्किल : धुतल्या नसतील दांड्या.

गुद्रुन : माझ्या दांड्या? मी चहाचे कप कमी धुते आणि ठोकळे जास्त, नवरा होता तेव्हा तोही… थांब. ती खोकतेय का?

टॉर्किल : कोण?

गुद्रुन : कोण काय, आस्टा! बाहेर काढ तिला. ये गं, ये माझ्याकडे. आऽ कर. मोठा आऽ कर. टॉर्किल, उजेड इकडे कर तो दिव्याचा. काही दिसत नाही. नुसती जीभ.

टॉर्किल : श्वास घेतेय ना?

गुद्रुन : रडतेय म्हणजे घेतेय. पण गिळलं काहीतरी हिनं. डोळ्यांत पाणी बघ. काय खाल्लंस, राणी? आजोबांचं काय खाल्लंस? टॉर्किल, तुझ्या टपावरचा दिवा कुठाय?

टॉर्किल : हात लावू नकोस. मी बघतो.

गुद्रुन : बघायचं काय त्यात, जागा मोकळी आहे! सकाळी होता. तो निळा गोल, एका गुंडीचा. माझ्या करंगळीच्या नखाएवढा.

टॉर्किल : असेल खाली पडला. जमिनीवर बघू. झाडू नकोस, झाडू नकोस! हातानं बघू.

मायब्रिट : काय चाललंय? बाबा, तू जमिनीवर काय करतोयस? ही का रडतेय?

गुद्रुन : मायब्रिट, घाबरू नकोस. पोरगी धडधाकट रडतेय. एक बारका ठोकळा गिळला असावा. असावा म्हणतेय मी, पाहिलेला नाही.

मायब्रिट : गिळला? कधी? किती बारका? बाबा, मी तुला सांगितलं होतं ना, हिला इथे आणू नकोस! खोली भरून हेच पडलेलं असतं सगळं!

टॉर्किल : आताच. तू यायच्या जरासं आधी.

मायब्रिट : मी फोन लावते. डॉक्टरांना लावते. हिचा बाबा मॉर्टेन पण आत्ताच जहाजावर… हॅलो? हो. माझी मुलगी, अडीच वर्षांची. खेळण्यातला ठोकळा गिळलाय. नाही, निळी नाही पडली. रडतेय. हो, आवाज नेहमीचाच आहे. प्लास्टिकचा. बाबा, प्लास्टिकचाच ना?

टॉर्किल : हो.

मायब्रिट : हो, प्लास्टिकचा. त्या विचारतायत, अणकुचीदार आहे का?

गुद्रुन : गोल आहे. वाटाण्याएवढा.

मायब्रिट : गोल आहे. बरं. बरं. म्हणजे आपोआप… हो. बाबा, त्या विचारतायत, त्यात लोहचुंबक किंवा बॅटरी असलं काही होतं का? नीट विचार करून सांगा म्हणतायत.

टॉर्किल : बॅटरीपेटी आहे, ती पावाएवढी. ती कशी गिळेल?

मायब्रिट : लहान बॅटरी, बाबा. घड्याळात असते तसली.

टॉर्किल : ठोकळे आहेत. निव्वळ ठोकळे. गुद्रुनला विचार.

गुद्रुन : त्याच्या टेबलावर दुसरं काही चालतच नाही, बाई. तसा नियमच आहे.

मायब्रिट : नाही, तसलं काही नाही. हो. पाणी पाजून बघते. लाळ गळायला लागली, खाईनाशी झाली तर लगेच फोन करते. हो. आभारी आहे. हुश्श. त्या म्हणाल्या, प्लास्टिकचं असेल तर एकदोन दिवसांत बाहेर पडेल. लक्ष ठेवा म्हणाल्या. बाबा, ऊठ आता. गुडघे दुखतील तुझे.

टॉर्किल : बघतो अजून. कपाटाखाली गेलं असेल.

गुद्रुन : कपाटाखाली गेलं असेल तर ते गिळलेलं नाही, म्हणजे आनंदच. बघ बघ. आस्टाबाई, कोट काढा, घामाघूम झालात. ही टोपी मागे कशाला… अगंबाई! मायब्रिट, हे बघ!

मायब्रिट : काय?

गुद्रुन : हिच्या कोटाच्या टोपीत! निळा दिवा! काढला असेल, पाठीमागे टाकला असेल, तो पडला टोपीत. आणि आपण पोरीचं पोट धरून बसलोय!

मायब्रिट : हाच? नक्की हाच? एकच होता ना?

गुद्रुन : एकच. साऱ्या बेटावर असा लुकलुकणारा एकच. टॉर्किल, ऊठ, सापडला! थुंकीनं नुसता घसा खवखवला असेल तिचा. देवा रे! कॉफी ठेवते मी.

मायब्रिट : मी फोन करून कळवते त्यांना. नाही, आधी हिला जरा घेऊन बसते. ये गं माझ्या सोन्या. भूक लागली? दालचिनीचा रोल आणलाय मी, बघ. वरची साखर तुला.

गुद्रुन : टॉर्किल, अरे, तू अजून खालीच? सापडला म्हणते ना.

टॉर्किल : ऐकलं.

गुद्रुन : मग? चेहरा का असा? अर्धा पाव शिळा झाल्यासारखा?

टॉर्किल : कॉफी नको मला.

मायब्रिट : खा ना, आस्टा. तुझा आवडता आहे. नको? साखर पण नको? अशी तोंड का फिरवतेयस? बाबा, ही दुपारी जेवली होती ना नीट?

टॉर्किल : जेवली. राय ब्रेड, लिव्हर पेस्ट. सगळं खाल्लं.

मायब्रिट : मग भूक नसेल. बघ, माझी बाही ओली केली हिनं. दात येतायत की काय अजून. इतकी लाळ…

टॉर्किल : लाळ?

मायब्रिट : हो, बघ ना. गळतेय नुसती. गिळतच नाहीये.

गुद्रुन : टॉर्किल! अरे, टप का उपटतोस? टॉर्किल, उद्या प्रदर्शन आहे! शिडी, शिडी पडली! वेड लागलं का तुला? वर्षभराचं काम आहे ते!

टॉर्किल : आत पडला असेल. आत गेला असेल घसरून.

गुद्रुन : काय आत गेलं असेल? दिवा माझ्या हातात आहे!

टॉर्किल : दिव्याखालचं.

मायब्रिट : दिव्याखालचं काय? बाबा? बाबा, बघ माझ्याकडे. दिव्याखाली काय होतं?

टॉर्किल : सेल. बटणासारखा असतो तो. चपटा.

मायब्रिट : किती मोठा?

टॉर्किल : क्रोनच्या नाण्याएवढा. फक्त मधे भोक नसलेला.

मायब्रिट : तू ‘नाही’ म्हणालास! मी विचारलं तुला, त्या बाईंनी विचारलं, घड्याळात असते तसली, आणि तू म्हणालास…

टॉर्किल : आत नाहीये. सगळं उघडलं. आत नाहीये, मायब्रिट. नवा होता. सकाळीच घातला, उद्यासाठी.

गुद्रुन : फोन लाव. मायब्रिट, आधी फोन लाव, त्याला मारायचं नंतर बघू. आणि आता थेट एकशेबारा लाव.

मायब्रिट : हॅलो. मघाशी बोलले होते डॉक्टरांशी. चूक झाली. बॅटरी आहे. बटणासारखी. हो, गिळली. हो, खात नाही. लाळ गळतेय. एरो. एरो बेटावर. कधी? बाबा, कधी? खोकली कधी ती?

गुद्रुन : अर्धा तास होत आला. चर्चची घंटा झाली होती नुकतीच.

मायब्रिट : अर्धा तास. नाही, उलटी नाही काढत. बोट घालत नाही. मध? मध आहे का इथे? कोणाकडे मध आहे?

गुद्रुन : चहाच्या कपाटात. माझी बरणी. थांब, आणते.

मायब्रिट : त्या म्हणतायत, श्वास घेतेय आणि गिळता येतंय तोवर दोन चमचे मध, दर दहा मिनिटांनी. बाकी काही खायला-प्यायला नाही. मधानं घशाला जरा आड राहतं म्हणतात, जळतं कमी. जळतं… बाबा, आतून जळतंय म्हणे ते तिला.

टॉर्किल : दे. मी भरवतो.

मायब्रिट : तू हात लावू नकोस तिला.

गुद्रुन : मी भरवते. ये राणी. मध. गोडगोड. चाट थोडं. अस्सं. टॉर्किल, तू तिथे पुतळ्यासारखा उभा राहू नकोस. खिडकी बघ. धुकं किती आहे?

टॉर्किल : बंदर दिसत नाही.

मायब्रिट : हेलिकॉप्टर पाठवतायत. बोटीनं फार वेळ लागेल म्हणतायत. शाळेच्या मैदानावर उतरतील, पण विचारतायत, मैदान दिसतंय का? गोलपोस्ट दिसतंय का दोन्हीकडचं?

टॉर्किल : एकीकडचं दिसतंय. दुसरीकडचं… अंधुक.

मायब्रिट : दिसतंय की नाही? खरं सांग!

टॉर्किल : नाही दिसत.

मायब्रिट : एकाच बाजूचं दिसतंय. हो. हो, तरी या. प्लीज तरी या. दिवे? बाबा, गाड्यांचे दिवे लावा म्हणतायत, मैदानाच्या कडेला.

गुद्रुन : टॉर्किल, व्हॅन काढ. माझीही चावी घे, माझी गाडी बेकरीपुढे आहे. बेकरीवाल्या हेल्गेला सांग, त्याचा ट्रक आण म्हणावं. पळ! गुडघे नंतर दुखव!

(हेलिकॉप्टर धुक्यातून उतरलं ते आधी सगळ्यांना ऐकू आलं आणि मग बऱ्याच वेळानं दिसलं. आत एकाच माणसाला जागा होती आणि ती आईची होती. टॉर्किल व्हॅनचे दिवे न विझवताच क्लबच्या खोलीत परत आला. गुद्रुननं ते विझवले आणि ती त्याच्या समोर बसली. टेबलावर अग्निबंबाचा नुसता सांगाडा होता.)

टॉर्किल : किती वेळ झाला असेल जाऊन?

गुद्रुन : मघाशी विचारलंस त्यापेक्षा फारसा नाही. पोचले असतील. ओडेन्सच्या हॉस्पिटलच्या छतावरच उतरतात ते. बोटीसारखी रांग नसते.

टॉर्किल : नेताना रडत नव्हती ती.

गुद्रुन : मध होता तोंडात.

टॉर्किल : रडायला हवी होती.

गुद्रुन : कॉफी पी. थंड झाली तरी पी.

टॉर्किल : माझं नाव काढ उद्याचं.

गुद्रुन : कुठल्या वाहनावरचं काढू? हे बघ काय उरलंय ते. पाल्लेच्या टेबलावरसुद्धा घेणार नाहीत याला.

टॉर्किल : मी मुद्दाम नव्हतं केलं, गुद्रुन. आधी नव्हता दिवा. दिवाच नव्हता त्यात. हिवाळ्यात आस्टा माझ्याकडे राहिली होती, मायब्रिटला फ्लू झाला तेव्हा. झोपायची नाही. एक छोटा दिवा होता माझ्याकडे, बाजारात मिळतात तसला, लुकलुकणारा. तो टपावर बसवला नुसता. अशी टाळ्या वाजवायची. रोज रात्री. मग तुम्ही सगळे आलात घरी, आपल्या क्लबातल्या लायसनं पाहिलं, म्हणाली, वा, कसं केलंस? आणि मी…

गुद्रुन : आणि तू म्हणालास दांड्या.

टॉर्किल : तोंडातून गेलं. मग ते मागे घ्यायचं कसं?

गुद्रुन : एक वाक्य बोलायचं. ‘अरे, बाजारातला आहे.’ आम्ही चार दिवस चिडवलं असतं. पाचव्या दिवशी पाल्लेनं चिडवायचं सुरू केलं असतं, बस. याहून जास्त काय झालं असतं तुला?

टॉर्किल : आता समजतंय.

गुद्रुन : एक विचारू? मायब्रिट नाही, मी विचारतेय. कधी कळलं तुला?

टॉर्किल : दिवा सापडला तेव्हा. टोपीत.

गुद्रुन : अंहं.

टॉर्किल : काय अंहं?

गुद्रुन : मी दुकान चालवलंय बंदरावर, अर्धं आयुष्य. माणसाच्या हातात काय आहे आणि खिशात काय आहे ते मला चेहऱ्यावरून कळतं. पोरगी खोकली तेव्हा मी तिला उचललं. तू टपावर हात ठेवलास. पोरीवर नाही, टपावर. मग जमिनीवर पालथा पडलास. मी निळं शोधत होते. तू निळं शोधत नव्हतास, टॉर्किल. तू चकाकणारं शोधत होतास. एक स्टीलचा चमचा पडला होता कोपऱ्यात, त्याच्यावर झडप घातलीस.

टॉर्किल : टपाचं झाकण उघडं होतं. आत सेल नव्हता. मी झाकण लावलं.

गुद्रुन : म्हणजे आधीपासूनच.

टॉर्किल : मला वाटलं, खाली सापडेल. खरंच वाटलं. सापडला की खिशात घालीन आणि कुणाला काही सांगायची वेळच येणार नाही. दर क्षणाला वाटायचं, आता सापडेल, या पायाखाली असेल, त्या पायाखाली असेल. तिनं फोनवर विचारलं तेव्हाही मी कपाटाखाली बघत होतो. मला कपाटाखाली काहीतरी दिसलं होतं, गुद्रुन. गोल. मी म्हटलं, तोच आहे. म्हणून नाही म्हणालो.

गुद्रुन : काय होतं?

टॉर्किल : बाटलीचं बूच. तिला काही झालं तर…

गुद्रुन : नको. ते वाक्य पुरं करू नकोस. मी ऐकायला बसलेली नाही ते.

टॉर्किल : तू मायब्रिटला सांगणार आहेस?

गुद्रुन : मी? मी ठोकळे तपासते. माणसं तपासायला मला कोणी निवडलेलं नाही. फोन वाजतोय तुझा.

टॉर्किल : तू घे.

गुद्रुन : तुझा फोन आहे.

टॉर्किल : तू घे, गुद्रुन. आधी तू ऐक.

गुद्रुन : मी आवाज मोठा करून मध्ये ठेवते. दोघं ऐकू. हॅलो, मायब्रिट? इथे आहे तो. मीही आहे. बोल.

मायब्रिट : निघाली.

गुद्रुन : निघाली! ऐकलंस?

मायब्रिट : झोपवून, तोंडातून नळी घालून काढली. मला दाखवली त्यांनी, एका वाटीत. एका बाजूनं काळी पडली होती. एवढ्याशा वेळात, गुद्रुन. काळी.

टॉर्किल : आणि ती? आस्टा?

मायब्रिट : झोपलीय अजून. आत जळलंय. खोल नाही म्हणतात, पण नक्की आज सांगता येत नाही. पिऊ द्यायचं नाही काही. जळलेलं दोनतीन दिवसांनी कधीकधी वाढतं म्हणे, आरपार जाऊ शकतं. परवा पुन्हा नळी घालून बघणार आहेत. तोवर कोणी काही बोलत नाही.

टॉर्किल : मी सातच्या बोटीनं निघतो.

मायब्रिट : नको.

टॉर्किल : बाहेर बसेन. आत येणार नाही.

मायब्रिट : नको म्हटलं ना, बाबा. डॉक्टरीण म्हणाली, बॅटरी आहे हे लगेच कळलं ते नशीब, पुष्कळदा घरच्यांना पत्ताच नसतो. ‘आजोबांनी सांगितलं वाटतं?’ असं विचारलं मला. किती चांगलं हसून विचारलं.

टॉर्किल : तू काय म्हणालीस?

मायब्रिट : काहीच नाही. तुझ्याबद्दल काय बोलायचं ते मला अजून कळलेलं नाही.

टॉर्किल : मायब्रिट, मला एक सांगायचंय तुला. दिवा सापडायच्या आधीच मला…

मायब्रिट : माहितेय.

टॉर्किल : गुद्रुन बोलली?

मायब्रिट : तुझी मुलगी आहे मी. हेलिकॉप्टरमध्ये बोलता येत नाही, आवाजच इतका असतो. नुसता विचार करत बसले होते. तू जमिनीवरून उठलाच नाहीस, बाबा. दिवा सापडला तरी उठला नाहीस.

टॉर्किल : हो.

मायब्रिट : हं. ठेवते मी. नर्स बोलावतेय.

टॉर्किल : थांब. उद्या… उद्या फोन करू?

मायब्रिट : उद्या नको. उद्या मला तुझा आवाज नकोय.

टॉर्किल : बरं.

मायब्रिट : परवा सकाळच्या बोटीनं ये. ते आत बघणार तेव्हा मी एकटी बाहेर उभी नाही राहू शकत.